रिबन आवडली का, हा प्रश्न विचारायचाच असेल तर

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून एक विषय माझ्याकडे वारंवार येतो: 'अमुक सॉफ्टवेअरचा नवा इंटरफेस आणि वापरकर्त्यांचं समाधान'. विषय सोपा वाटतो. प्रश्नावली बनवायची, गूगल फॉर्मवर टाकायची, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरवायची, दोनशे उत्तरं आली की सरासरी काढायची. निष्कर्षसुद्धा जवळपास ठरलेलाच असतो: 'बहुतांश वापरकर्त्यांचा बदलाला विरोध असतो, म्हणून प्रशिक्षणाची गरज आहे.'

एवढं म्हणायला संशोधन कशाला हवं? ते तर कुठल्याही कार्यालयातला शिपाईसुद्धा चहा देता देता सांगेल. खरी अडचण पुढची आहे. हा निष्कर्ष बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि त्याची किंमत ज्यांनी प्रामाणिकपणे फॉर्म भरला तेच लोक मोजतात. ते कसं, हे आज एका जुन्या पण गाजलेल्या उदाहरणावरून बघू.

प्रकरण काय होतं

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ हे ३० नोव्हेंबर २००६ रोजी कंपन्यांसाठी आणि ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्यांसाठी बाजारात आलं. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटमधले वर्षानुवर्षांचे मेनू आणि टूलबार गेले आणि त्या जागी 'रिबन' आली. टॅबमध्ये विभागलेली, चित्रं आणि नावं असलेली ती रुंद पट्टी आज तुम्हाला इतकी सवयीची आहे की तिच्याआधी दुसरं काही होतं हेच आठवत नसेल. तेव्हा मात्र लोक भयंकर चिडले होते. काहींना ती मनापासून आवडलीही होती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या मेनूकडे परत जायचा पर्याय कंपनीने ठेवला नव्हता.

संशोधनाच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण उपयोगी आहे, कारण कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद उघड मांडलेला आहे. या बदलावर काम करणाऱ्या जेन्सन हॅरिस यांनी त्या काळात निर्णयामागची कारणं आणि आकडे सविस्तर लिहिले, आणि २००८ मध्ये एका परिषदेत रिबनची पूर्ण गोष्ट सांगितली. म्हणजे एका बाजूला वापरकर्त्यांची मतं, दुसऱ्या बाजूला वापराची मोजलेली नोंद. आपल्याला दोन्ही तपासायच्या आहेत, आणि सारख्याच कडकपणे.

आधी कंपनीचा पुरावा

ऑफिस २००३ मध्ये एक सोय होती. वापरकर्त्याने संमती दिली, तर तो कोणत्या कमांड किती वेळा वापरतो याची नोंद कंपनीकडे जायची. हॅरिस यांनी दिलेल्या आकड्यांनुसार वर्ड २००३ मध्ये सर्वात जास्त वापरली जाणारी कमांड होती पेस्ट: एकूण वापराच्या ११ टक्क्यांहून जास्त. पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच कमांड मिळून सुमारे ३२ टक्के. दुसरीकडे वर्डच्या पहिल्या आवृत्तीत साधारण १०० कमांड होत्या, त्या वर्ड २००३ पर्यंत १५०० च्या वर गेल्या होत्या. मेनू लांबत गेले, टूलबार ३० च्या आसपास झाले. शिवाय लोक ज्या नव्या सोयी मागत होते त्यातल्या बऱ्याच आधीपासूनच आत होत्या, फक्त कुणाला सापडत नव्हत्या.

युक्तिवाद दमदार आहे. यातला सर्वात चांगला भाग हा की 'लोक काय म्हणतात' याच्या जोडीला 'लोक काय करतात' हे बघितलं गेलं. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी एका प्रसिद्ध लेखात दाखवलं होतं की माणसं आपल्या वागण्याची कारणं सांगतात तेव्हा ती बऱ्याचदा प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली नसतात. आपल्याला पटण्याजोगं कारण आपण शोधून देतो, आणि ते प्रामाणिकपणे देतो. म्हणून नुसत्या मतांवर न थांबणं योग्यच.

पण आता यात भोकं कुठे आहेत ते बघा. व्हायवाला परीक्षक हेच विचारतील.

पहिलं म्हणजे सॅम्पल. नोंद संमतीने जमा झाली. संमती देणारे आणि न देणारे सारखेच असतात असं गृहीत का धरायचं? मोठ्या कार्यालयात हा निर्णय बऱ्याचदा संगणक विभागाच्या हातात असतो, टेबलावर बसलेल्या माणसाच्या हातात नाही. आकडे प्रचंड असले म्हणून सॅम्पल प्रातिनिधिक होत नाही. दोनशेच्या सॅम्पलला ही चूक लागू होते आणि काही कोटींच्या सॅम्पललाही.

दुसरं, वारंवारता म्हणजे महत्त्व नव्हे. पेस्ट दिवसात शंभर वेळा होतं. मेल मर्ज महिन्यातून एकदाच. पण ज्या कारकुनाला महिन्यातून एकदा आठशे पत्रं काढायची असतात त्याच्यासाठी मेल मर्ज हेच वर्ड आहे. एकूण क्लिकच्या बेरजेत हा माणूस दिसतसुद्धा नाही.

तिसरं भोक सगळ्यात मोठं आहे. एखादी कमांड वापरली जात नाही, याची किमान दोन कारणं असू शकतात: सापडत नाही, किंवा लागत नाही. क्लिकची नोंद या दोन्हींत फरक करू शकत नाही. कंपनीने पहिल्या कारणावर भर दिला, आणि लोक आधीच असलेल्या सोयी मागत होते हा त्यासाठी तिच्याकडचा पुरावा होता. ठीक आहे. पण तो काही सोयींपुरता पुरावा आहे, बाकी सगळ्यांसाठी नाही. जोआना मॅक्ग्रेनिअर आणि गेल मूर यांनी २००० साली वर्ड ९७ वापरणाऱ्या ५३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात न वापरलेल्या सोयींबद्दल लोकांचं एकमत नव्हतं. काहींना त्या नकोच होत्या, काहींना बाजूला ठेवलेल्या चालल्या असत्या, काहींना नव्या सोयी शोधता येण्याची संधी हवी होती. फक्त ५३ माणसं, पण 'का' या प्रश्नाचं उत्तर इथे क्लिकच्या ढिगाऱ्यापेक्षा जास्त मिळतं. सॅम्पलचा आकार विचारण्याआधी प्रश्नाचा प्रकार विचारा, असं मी म्हणते ते यासाठी.

आता वापरकर्त्यांची मतं

रिबनबद्दलच्या तक्रारी एका गोणीत भरून 'असमाधानी: इतके टक्के' असं लिहिलं की सगळी माहिती मेली. त्या वेगळ्या केल्या तर निदान पाच प्रकार निघतात.

पहिला: 'सापडत नाही.' वर्ड २००३ मध्ये हेडर आणि फूटर व्ह्यू मेनूत होतं. २००७ मध्ये ते इन्सर्ट टॅबवर गेलं. तर्काने बघितलं तर नवी जागा जास्त योग्य आहे, कारण आपण हेडर घालतो, नुसता बघत नाही. तरी दहा वर्षं व्ह्यूवर जाणारा हात व्ह्यूवरच जाणार. म्हणजे रचना सुधारली आणि माणसाचं नुकसानही झालं, एकाच वेळी. दोन्ही खरं. हे नुकसान सरावाने कमी होतं आणि ते घड्याळ लावून मोजता येतं.

दुसरा: 'जास्त क्लिक लागतात.' हा मोजून तपासता येणारा दावा आहे, आणि तरीही दोन माणसांसाठी दोन उत्तरं येतात. ज्याने जुन्या आवृत्तीत स्वतःच्या लागणाऱ्या बटणांचा टूलबार रचून ठेवला होता, त्याला सगळं एका क्लिकवर होतं. २००७ ची रिबन सर्वसामान्य वापरकर्त्याला आपल्या सोयीने रचता येत नव्हती. वरची छोटी क्विक अ‍ॅक्सेस पट्टी तेवढी त्याच्या हातात होती. त्यामुळे त्याला टॅब बदलत फिरावं लागलं. हे नुकसान सरावाने जात नाही, कारण ते सवयीचं नाहीच, रचनेचं आहे. याउलट कीबोर्डवर काम करणाऱ्याचं बघा. एक्सेलमध्ये पेस्ट स्पेशलसाठी ऑल्ट, ई, एस दाबणाऱ्याची ती जुनी किल्ली २००७ मध्येही चालत राहिली. शेजारी शेजारी बसलेले दोघे, एक म्हणतो सत्यानाश झाला, दुसरा म्हणतो काही फरक पडला नाही. तुमच्या सरासरीत दोघे मिळून 'तटस्थ' होतात.

तिसरा: 'जागा खाते.' हे स्क्रीनवर अवलंबून आहे. छोट्या स्क्रीनवरची तक्रार आणि मोठ्या स्क्रीनवरचं समाधान यांची तुलना करायची, तर आधी स्क्रीन विचारायला हवी. किती प्रश्नावल्यांत ती विचारलेली असते?

चौथा: 'आम्हाला कोणी विचारलं नाही.' याला घड्याळ लावता येत नाही. ही तक्रार सोयीची नाही, अधिकाराची आहे. कुणी म्हणेल, मग ती इंटरफेसच्या अभ्यासात कशाला? कारण उत्तर देणारा माणूस आपल्या प्रश्नावलीतले रकाने बघून रागावत नाही. त्याचा राग 'वापरायला सोपं' या रकान्यात १ बनून येतो, आणि आपण समजतो की त्याला वापरायला अवघड गेलं.

पाचवा: जे इंटरफेसचं नाहीच. ऑफिस २००७ बरोबर फाइलचा प्रकारही बदलला. डॉक गेलं, डॉकएक्स आलं, आणि जुन्या आवृत्तीवाल्याकडे फाइल उघडेना. वर्डचा मूळ फॉन्ट टाइम्स न्यू रोमनऐवजी कॅलिब्री झाला, ओळींमधलं अंतर वाढलं. एक्सेलमध्ये ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या, त्यामुळे मोठी आकडेवारी हाताळणारे खूश झाले. आता कुणी 'नवं ऑफिस आवडलं' किंवा 'नाही आवडलं' म्हणालं, तर ते रिबनबद्दल होतं की यातल्या दुसऱ्याच कशाबद्दल? अनेक गोष्टी एकाच दिवशी बदलल्या की एकूण मताचं श्रेय किंवा दोष एकीवर टाकता येत नाही. पद्धतीच्या पेपरात आपण 'गोंधळ घालणारे चल' पाठ करतो ना, ते प्रत्यक्षात असे दिसतात.

'विरोध' हा शब्द जरा जपून

जुनं ते बरं वाटण्याची प्रवृत्ती खरी आहे. सॅम्युएलसन आणि झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की अनेक पर्यायांपैकी 'सध्याचा' म्हणून जो दाखवला जातो त्याकडे लोक जास्त झुकतात. याची संदर्भसूचीत नोंद करून बरेच विद्यार्थी मोकळे होतात: लोकांनी तक्रार केली, कारण लोकांना बदल नको असतो. पण हे स्पष्टीकरण कुठल्याही तक्रारीला लावता येतं. चांगल्या बदलावरच्या तक्रारीलाही आणि वाईट बदलावरच्या तक्रारीलाही. प्रत्येक कुलपाला लागणारी किल्ली चोराच्या कामाची, संशोधकाच्या नाही.

इतिहास काय सांगतो बघा. ऑफिस २००७ मध्ये फाइल मेनूच्या जागी एक गोल चिन्ह आलं होतं. ते बटण आहे हेच कित्येकांच्या लक्षात यायचं नाही. ऑफिस २०१० मध्ये ते गोल चिन्ह जाऊन तिथे 'फाइल' हा शब्द परत आला. त्याच आवृत्तीत रिबन आपल्या सोयीने रचायची मुभाही मिळाली. म्हणजे ज्या दोन तक्रारी 'सवय नाही म्हणून' असं म्हणून बाजूला सारता आल्या असत्या, त्या रचनेतल्या खऱ्या उणिवांवर बोट ठेवत होत्या. त्याच वेळी रिबन स्वतः टिकली. 'सगळं जुनं परत आणा' म्हणणाऱ्यांचा अंदाज खरा ठरला नाही. एकाच माणसाच्या मतात दोन्ही गोष्टी असू शकतात: एक अचूक निरीक्षण आणि एक चुकीचा अंदाज. त्या सोडवून वेगळ्या करणं हेच आपलं काम.

कॅरल आणि रॉसन यांनी १९८७ मध्ये यातली एक मेख मांडली होती. कामात गुंतलेला माणूस नवं शिकायला थांबत नाही, कारण त्याला काम संपवायचं असतं, आणि जुन्या ज्ञानाच्या चष्म्यातूनच तो नव्याकडे बघतो. हा आळस नाही. साडेपाचला टपाल जायचं असेल तर पाच वाजता नवी पट्टी समजून घेत कोण बसेल?

मग करायचं काय

मतं विचारू नका, असं मी अजिबात म्हणत नाही. मत हा पुरावाच आहे. फक्त कशाचा, ते प्रश्नावली छापण्याआधी ठरवा. काही ठोस गोष्टी सांगते.

एक, कधी विचारता ते लिहा. बदलानंतरचा पहिला आठवडा आणि चौथा महिना हे दोन वेगळे अभ्यास आहेत. त्याच माणसांना दोन-तीन वेळा विचारता आलं, तर कोणती तक्रार विरते आणि कोणती राहते हे दिसेल. राहिलेली तक्रार हीच तुमची मुख्य सापडलेली गोष्ट.

दोन, मताला कृती जोडा. पाच ठराविक कामं द्या: पान आडवं करा, हेडर घाला, तक्त्याची पहिली ओळ प्रत्येक पानावर आणा, असं काही. वेळ मोजा, कुठे आधी गेले ते टिपा. नील्सन आणि लेव्ही यांनी १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आवड आणि कामगिरी बहुतेक वेळा बरोबर चालतात असं दिसलं. पण काही ठिकाणी लोकांनी ज्यावर ते मागे पडत होते तीच प्रणाली पसंत केली. तुमचं प्रकरण कोणत्या गटातलं, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

तीन, प्रश्न जमिनीवर आणा. 'नव्या इंटरफेसमुळे तुमची कार्यक्षमता कमी झाली का?' याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं, तरी सगळे देतात. त्याऐवजी विचारा: 'काल काम करताना एखादी गोष्ट शोधायला थांबावं लागलं का? कोणती? शेवटी कशी मिळाली?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासता येतं.

चार, सरासरीच्या मागे काय लपलंय ते उघडा. ४० जणांपैकी २० जणांनी १ दिला आणि २० जणांनी ५ दिला, तर सरासरी ३. तटस्थ मात्र एकही नाही. आधी वितरणाचा आलेख काढा, मग बोला. जॉन ब्रूक यांची दहा विधानांची एसयूएस मोजपट्टी वापरणार असाल, तर तिचा ० ते १०० मधला गुण टक्के म्हणून लिहू नका. तो टक्के नाही.

पाच, 'वाटणं' शेवटपर्यंत 'वाटणं'च राहू द्या. डेव्हिस यांचं १९८९ चं तंत्रज्ञान-स्वीकाराचं प्रारूप बरेच जण वापरतात. त्यात मोजली जाते ती माणसाला वाटलेली उपयुक्तता आणि वाटलेली सुलभता. बऱ्याच प्रबंधांत पहिल्या प्रकरणात 'वाटलेली सुलभता' असते आणि पाचव्या प्रकरणापर्यंत येताना 'वाटलेली' गळून पडते. एका विशेषणाच्या गळण्याने अख्खा निष्कर्ष बदलतो.

सहा, आपल्या भागातली माणसं नीट बघा. मेनूच्या काळात एमएस-सीआयटी केलेली व्यक्ती पायऱ्या वहीत लिहून शिकली: आधी हा मेनू, मग वरून चौथं. इंग्रजी नाव वाचून अर्थ लावण्याऐवजी जागा लक्षात ठेवून काम करणाऱ्यांना जागा बदलल्याचा फटका जास्त बसतो का? हा छान, मोजता येण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडच्या कार्यालयातच विचारता येईल. असा एक प्रश्न 'समाधानाचा अभ्यास' या भल्यामोठ्या शीर्षकापेक्षा कितीतरी मोलाचा.

याने फरक कुणाला पडतो

शेवटी किमतीबद्दल. समजा तुमचा अभ्यास एखाद्या संस्थेने खरंच वाचला. 'कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध, प्रशिक्षण द्यावे' असं तुम्ही लिहिलंत, तर काय होईल? दोन दिवसांचं प्रशिक्षण होईल, हजेरी लागेल, आणि रोज टॅब बदलत फिरणारी ती बाई रोज तशीच फिरत राहील. तिचं बटण रचनेत परत आणून द्यायची गरज होती, आणि तिने तुमच्या फॉर्मच्या शेवटच्या मोकळ्या रकान्यात ते लिहिलंही होतं. तो रकाना तुम्ही 'इतर सूचना' म्हणून परिशिष्टात टाकलात.

म्हणून सिनॉप्सिस गाईडकडे नेण्याआधी एक करा. प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने लिहा: याचं उत्तर काय आलं तर माझं मत बदलेल? ज्या प्रश्नासमोर काहीच लिहिता येत नाही, तो खोडून टाका. आणि मोकळा रकाना असेल, तर विश्लेषणाची सुरुवात त्याच्यापासून करा.